गिरणगावचे ताट : प्रश्न भावाचा, वेळेचा आणि जागेचाही

मुंबईत भाजी मिळत नाही, असे विधान कोणी केले तर त्यावर विश्वास बसणे कठीण आहे. दादर स्थानकाच्या पश्चिमेला पहाटेपासून भाजीचे ढीग लागतात. वसई-विरार पट्ट्यातील भाजीवाल्या पाट्या घेऊन लोकलच्या मालडब्यातून शहरात येतात. ग्रँट रोडच्या भाजीगल्लीत वर्षाचे बाराही महिने ताजा माल असतो, लालबागच्या बाजारात मासळीपासून मसाल्यापर्यंत सर्व काही एका फेरीत घेता येते. असे असूनही परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, गिरगाव या जुन्या मुंबईतील हजारो घरांच्या रोजच्या जेवणातून हिरवी भाजी, डाळ, फळे आणि दूध कमी होत गेले आणि त्यांची जागा पाव, तळलेले पदार्थ, बिस्किटे आणि गोड चहा यांनी घेतली, अशी तक्रार ऐकू येते. बाजार उशाशी आणि ताट मात्र अपुरे, या विसंगतीचा उलगडा करायचा तर केवळ महागाईकडे बोट दाखवून भागत नाही. या वस्तीची अन्नव्यवस्था पूर्वी कशी उभी होती आणि ती कशामुळे मोडली, हे पाहावे लागते.

अंतराचे माप येथे चालत नाही

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाची चर्चा 'अन्नाचे वाळवंट' या नावाने होते. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये रूढ झालेली ही संज्ञा पुढे अमेरिकेनेही उचलली. तेथील कृषी खात्याने शहरी भागासाठी साधे माप ठरवले : मोठे किराणा दुकान एक मैलाहून दूर असलेली गरीब वस्ती म्हणजे अन्नदृष्ट्या वंचित वस्ती. हे माप मध्य मुंबईला लावले, तर येथे वंचित वस्तीच सापडणार नाही. चिंचपोकळीपासून दादरपर्यंत कोठेही उभे राहिले तरी दहा-पंधरा मिनिटांच्या पायपिटीत भाजीवाला भेटतोच.

मात्र अन्न जवळ असणे आणि ते आवाक्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार दोन हजार उष्मांकांच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस-मासे आणि ३०० मिलिलिटर दूध असायला हवे. चार माणसांच्या कुटुंबाला हेच प्रमाण लावले, तर भाज्या आणि फळे मिळून दिवसाला दोन किलो आणि आठवड्याला चौदा किलो होतात. एवढा नाशवंत माल आणायचा, निवडायचा, धुवायचा आणि टिकवायचा, तर त्यासाठी चार गोष्टी लागतात. हातात पैसा लागतो, स्वयंपाकाला वेळ लागतो, ठेवायला जागा लागते आणि महिनाअखेरीला पैसे संपले असताना उधारीवर माल देणारा कोणी तरी लागतो. बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. त्यात स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास सारे काही चालायचे. अशा घरात आठवड्याची भाजी एकदम आणून ठेवणे शक्य नसते. ती रोज पाव किलो, अर्धा किलो अशी घ्यावी लागते किंवा संध्याकाळी उशिरा उतरत्या भावाने विकले जाणारे वाटे घ्यावे लागतात. थोडे थोडे घेणाऱ्याला घाऊक भावाचा लाभ कधीच होत नाही. म्हणूनच गरिबाची भाजी श्रीमंताच्या भाजीपेक्षा महाग पडते, आणि बहुतेक वेळा शिळीही असते.

खाणावळ : गिरणगावाने शोधलेले उत्तर

गिरणगाव भरभराटीस होता तेव्हाही येथील कामगार गरीबच होता आणि खोल्या लहानच होत्या. तरीही त्याच्या जेवणाची एक व्यवस्था होती. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटा असे, बायको-मुले गावी असत. एकाच गावचे दहा-वीस पुरुष एका खोलीत पाळीपाळीने राहत. त्यांच्या जेवणाची सोय खाणावळीत होई, आणि या खाणावळी चालवणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. कोणी विधवा, कोणी टाकलेली, कोणाचा नवरा गिरणीतून कमी झालेला. आपल्याच खोलीत, आपल्याच चुलीवर त्या पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक रांधत. गिरणीच्या तीन पाळ्यांप्रमाणे जेवणाच्याही पाळ्या असत. भाकरी किंवा चपाती, भाजी, आमटी, भात आणि ठरलेल्या वारी मटण किंवा मासळी असा बेत असे. पैसे पगाराच्या दिवशी एकरकमी दिले जात.

या व्यवस्थेचे पोषणाच्या दृष्टीने महत्त्व आज अधिक जाणवते. खाणावळवाली तीस माणसांसाठी एकदम भाजी घेई, त्यामुळे तिला भाव कमी पडे. माल त्याच दिवशी शिजून संपे, त्यामुळे साठवणीचा प्रश्नच नसे. कामगाराला स्वयंपाकासाठी वेळ आणि जागा लागत नसे. महिनाभर उधारी चाले. आणि स्वयंपाक त्याच्या गावच्या चवीचा असे. वर सांगितलेल्या चारही अडचणींवर तोडगा एका खोलीत निघत होता. त्याची किंमत मात्र ती बाई मोजत असे. पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत राबूनही वाण्याचे देणे आणि सावकाराचे व्याज भागवता भागवता तिच्या हाती फारसे काही उरत नसे.

ही बाजू पुढे आणली ती प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि नंतर मुंबईत कामगार चळवळीत काम केलेल्या पुरव यांनी १९७५ मध्ये खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. सुरुवात अवघ्या चौदा जणींच्या गटाने झाली. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर गरिबांना कर्ज देण्याचे धोरण जाहीर झाले होते, परंतु खाणावळवालीकडे तारण ठेवण्यासारखे काहीच नव्हते. गटाने एकमेकींची हमी घ्यावी, या तत्त्वावर बँक ऑफ बडोदाने त्यांना कर्ज दिले. बचत गट हा शब्द सर्वतोमुखी होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे मंडळाने हजारो स्त्रियांपर्यंत कर्ज, प्रशिक्षण आणि आधार पोहोचवला. पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री किताब मिळाला. गिरणी कामगाराच्या ताटात अन्न टिकावे यासाठी मुंबईत झालेल्या कामांत हे काम फार मोलाचे आहे, आणि त्याचे मर्म असे की त्याने जेवण स्वस्तात वाटले नाही, जेवण रांधणारीला पत मिळवून दिली.

गिरगावनेही अशीच एक वाट दाखवली होती. १९५९ मध्ये तेथील सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत पापडाचा देशव्यापी गृहउद्योग उभा राहिला. मात्र दोहोंत एक फरक आहे. पापड टिकतो आणि दूर जातो. शिजलेले जेवण टिकत नाही, ते शेजारीच खपावे लागते. म्हणून खाणावळ जगायची तर तिचा गिऱ्हाईकही त्याच वस्तीत राहायला हवा.

मंडईसाठी केलेला नवस

अन्नव्यवस्थेचा दुसरा आधार म्हणजे मंडई. लालबागच्या राजाच्या दर्शनासाठी आज लाखोंची रांग लागते, परंतु हा गणपती बसला तो एका बाजाराच्या गरजेपोटी, हे अनेकांना ठाऊक नसते. पेरू चाळीच्या परिसरात भरणारा बाजार १९३२ मध्ये बंद झाला. कोळीबांधव आणि छोटे विक्रेते उघड्यावर बसू लागले. बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला. जागामालकाकडून जमीन मिळाली, बाजार उभा राहिला आणि १९३४ मध्ये गणपतीची प्रतिष्ठापना झाली. नव्वद वर्षांपूर्वीच्या विक्रेत्यांना जे उमगले होते ते आजच्या नगररचनेला उमगले आहे, असे दिसत नाही. ताज्या मालाची विक्री ही बसायच्या हक्काच्या जागेवर अवलंबून असते. मासे आणि पालेभाजी विकणाऱ्याला रोज उठवले जात असेल, तर तो माल कमी आणतो, भाव वाढवतो, आणि शेवटी टिकाऊ वस्तूंकडे वळतो.

दक्षिण मुंबईत १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले, आज त्याचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. त्यानंतर महापालिकेने विभागवार मंडया बांधल्या. घाऊक बाजार भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास असल्याने किरकोळ विक्रेत्याला हातगाडीवरून माल आणता येई. गर्दी आणि वाहतुकीची कोंडी कमी करण्यासाठी हे बाजार टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत हलवण्यात आले आणि १९९६ मध्ये फळे व भाजीपाल्याचा घाऊक व्यापार वाशीला गेला. शहराच्या दृष्टीने तो निर्णय समर्थनीय होता. मात्र परळच्या भाजीवाल्याला आता मध्यरात्री खाडीपलीकडे जाणे, टेम्पोचे भाडे आणि हमाली हे सारे भावात मिळवावे लागते. त्यामुळे दादरच्या पहाटेच्या बाजाराचे महत्त्व वाढले. मध्य मुंबईतील अनेक छोटे विक्रेते आणि खानपान व्यावसायिक तेथूनच माल उचलतात. हा बाजार रस्त्यावर भरतो, त्यामुळे त्याचे भवितव्य नेहमीच कारवाईच्या छायेत असते.

सहकाराची देणगी

तिसरा आधार सहकाराचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि धान्यासाठी रांगा हा शहरजीवनाचा भाग झाला. काळ्या बाजाराला उत्तर म्हणून कामगारांनी ग्राहक सहकारी संस्था काढल्या. नायगावमध्ये १९४८ साली कामगारांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या संस्थेतूनच पुढे 'अपना बाजार' हे मध्यमवर्गीय आणि कामगार मुंबईकरांचे विश्वासाचे नाव घडले. १९४९ पासून आरे वसाहतीच्या दूध योजनेने शहराला निर्भेळ दूध ठरावीक भावात मिळण्याची सोय केली. १९७२च्या दुष्काळानंतर महागाई भडकली, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. धान्य, तेल, साखर आणि रॉकेल यांचा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आणण्याचे श्रेय या लाटणे मोर्चांना आहे.

१९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने आणखी वेगळा मार्ग काढला. शेजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याच्या गरजांची यादी एकत्र द्यायची, पंचायतीने माल घाऊक भावात खरेदी करून गटापर्यंत पोहोचवायचा आणि वाटणी सभासदांनीच करायची. दुकान नाही, जाहिरात नाही, दलाल नाही. धान्य, कडधान्ये आणि किराणा यांच्या बाबतीत ही पद्धत यशस्वी झाली. मात्र आगाऊ नोंदणी, महिन्याचे नियोजन आणि हातात शिल्लक असलेला पैसा या तिच्या अटी मध्यमवर्गाला मानवणाऱ्या होत्या. रोजंदारीवर जगणारे घर त्यात सहजी बसत नव्हते.

संपानंतर मोडलेली घडी

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप कधी औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही, पण गिरण्याही पूर्वीसारख्या सुरू झाल्या नाहीत. या संपाच्या कहाण्यांत खाणावळवालीचा उल्लेख ओझरता येतो. वास्तविक पहिला घाव तिच्यावर बसला. पगार थांबला, तशी खाणावळीची थकबाकी वाढली. अनेकींनी उधारीवर जेऊ घातले, आणि कामगार गावी परतले तेव्हा त्या थकबाकीचे काय झाले असेल, ते सांगायला नको. एकटा कामगार गेला आणि त्याच्याबरोबर खाणावळीचा पायाच गेला.

जे कुटुंबासह राहिले त्यांच्या घरची रचना बदलली. एका पगाराऐवजी तीन-चार तुटपुंज्या मिळकती आल्या. बायका घरकामाला, दुकानांत, कार्यालयांच्या सफाईला जाऊ लागल्या. मुलगे सुरक्षारक्षक किंवा कुरिअरवाले झाले. घरात सगळ्यांची जेवणाची वेळ एक राहिली नाही आणि निवडणे-चिरणे-शिजवणे यासाठी लागणारा दोन-अडीच तासांचा वेळ कोणाकडेच उरला नाही. हे काम बाईनेच करावे असे गृहीत धरलेले असल्याने तिच्या वाट्याला दुहेरी पाळी आली, हेही येथे नमूद केले पाहिजे. अशा घरात वडापाव हा चैनीचा पदार्थ राहत नाही. १९६६च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर जन्मलेला हा पदार्थ तत्काळ मिळतो, उभ्याने खाता येतो, पोट भरल्याचे समाधान देतो आणि भांडी घासायला लावत नाही. त्याला नावे ठेवण्यापूर्वी तो किती अडचणी एका झटक्यात सोडवतो, हे लक्षात घ्यायला हवे. पोषणाचा उपदेश त्याच्याशी स्पर्धा करू शकत नाही. स्पर्धा करू शकेल ते तितकेच जवळ, तितकेच झटपट आणि जवळपास तितक्याच पैशांत मिळणारे वरण-भात-भाजीचे ताट.

जमिनीचे गणितही याच काळात बदलले. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची साधारण तीन भागांत वाटणी अपेक्षित होती : एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मधील बदलाने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जागेपुरती मर्यादित केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. मैदाने आणि घरे यांविषयी तेव्हा पुष्कळ बोलले गेले. त्या मानाने नव्या वस्तीला भाजी कोठे मिळणार, मासळीबाजार कोठे बसणार, हे प्रश्न मागेच राहिले. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात मॉल आणि उपाहारगृहे आली. तेथे जगभरचे पदार्थ मिळतात, पण त्याच इमारतीत झाडू मारणाऱ्या बाईला परवडेल असे जेवण मिळत नाही.

सरकारी ताट : काय साधले, काय राहिले

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. कल्पना लोकप्रिय झाली, परंतु अनुदानावरचा भार आणि केंद्रांच्या जागांचा अन्य व्यवसायांसाठी होणारा वापर यामुळे ती टिकली नाही. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात आणि एक वाटी वरण असे हे दहा रुपयांचे जेवण होते. करोनाच्या टाळेबंदीत तिचा दर पाच रुपये केला गेला आणि २०२१ मध्ये काही काळ ती विनामूल्यही दिली गेली. हातावर पोट असलेल्यांना तिने मोठा दिलासा दिला. तिची मर्यादा भावाची नव्हती, वेळेची होती. सुरुवातीला थाळी दुपारी १२ ते २ या वेळात मिळे. पहाटे घर सोडणाऱ्या किंवा रात्रपाळी करणाऱ्या माणसाला तिचा उपयोग मर्यादित होता. गिरणगावच्या खाणावळवालीने पाळ्यांप्रमाणे चूल पेटवली होती, हा धडा येथे आठवावा लागतो.

शिधापत्रिकेचेही तसेच. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. परंतु राज्यात कायदा लागू करताना शहरी भागासाठी वार्षिक ५९ हजार रुपयांची उत्पन्नमर्यादा ठेवण्यात आली. म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. मुंबईत दोन माणसे कमावती असलेले कोणतेही घर ही मर्यादा सहज ओलांडते, मग ते चाळीतले असो वा झोपडीतले. शिवाय मिळते ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. भूक भागते, पण डाळ, तेल, भाजी आणि दूध यांसाठी पुन्हा बाजारच गाठावा लागतो. २०२२च्या दिवाळीत सुरू झालेल्या 'आनंदाचा शिधा'मध्ये शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल दिले गेले. सणाचा तो आनंद खराच, पण रोजच्या ताटाची सोय त्यातून होणे शक्य नव्हते.

याचे परिणाम शरीरावर दिसतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. दुसरीकडे, मुंबईत २०२१ मध्ये झालेल्या पाहणीत सुमारे ३४ टक्के प्रौढांमध्ये उच्च रक्तदाब आढळला. एकाच घरात आई रक्तक्षयाने थकलेली आणि वडील मधुमेही, हे चित्र आता दुर्मीळ नाही. दोहोंचे मूळ बऱ्याच अंशी एकाच ताटात आहे : उष्मांक पुरेसे, पोषण अपुरे.

परळच्या पदपथावरचे पाहुणे

या भागाचा विचार करताना आणखी एका वर्गाला विसरून चालणार नाही. परळमध्ये केईएम, वाडिया आणि टाटा स्मारक ही रुग्णालये आहेत. देशभरातून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातलग कित्येक आठवडे, कधी महिने या परिसरात काढतात. कर्करोगाच्या रुग्णाला ताजे, हलके, प्रथिनयुक्त अन्न सर्वाधिक गरजेचे असते आणि नेमके तेच पदपथावर राहणाऱ्याला मिळणे सर्वात अवघड असते. दादरमधील संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्था निवास आणि जेवणाची सोय करतात, अनेक सेवाभावी गट पदपथावर अन्नवाटपही करतात. परंतु वाटपाचे अन्न मिळेल तसे घ्यावे लागते. रुग्णाला काय पथ्य आहे, हे त्यात पाहिले जात नाही. नातलगांना स्वतः शिजवता येईल असे सार्वजनिक स्वयंपाकघर, किंवा पथ्याचे जेवण करून देणाऱ्या खाणावळी रुग्णालयांच्या परिसरात असणे, ही येथील ठोस गरज आहे.

गिरगावचा प्रश्न पुन्हा निराळा. तेथील जुन्या उपकरप्राप्त इमारतींत अनेक वृद्ध एकटे किंवा दोघेच राहतात. तरुण पिढी डोंबिवली, बोरिवली, पुणे किंवा परदेशी गेलेली. लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन जिने चढून-उतरून रोज भाजी आणणे सत्तरीनंतर जमत नाही, आणि मग चहा-पाव किंवा दूध-पोळीवर दिवस निघतो. पैसा असूनही येथे आहार निकृष्ट होतो. डबे पोहोचवणाऱ्या घरगुती खाणावळी हाच या वस्तीला खरा आधार आहे.

इतर शहरांनी काय केले

ब्राझीलमधील बेलो ओरिझोंची या शहराने १९९३ मध्ये अन्न हा नागरिकांचा हक्क मानून महापालिकेत स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्यांनी स्वस्त जेवणाची सार्वजनिक उपाहारगृहे काढलीच, पण त्याहून उपयुक्त ठरली ती जागेची युक्ती. शहरातील मोक्याच्या सार्वजनिक जागा भाजी-फळे विक्रेत्यांना दिल्या गेल्या. मोबदल्यात त्यांनी ठरावीक जिन्नस महापालिकेने ठरवलेल्या दराने विकायचे आणि आठवड्याच्या शेवटी गरीब वस्त्यांत माल घेऊन जायचे. महापालिकेच्या हाती असलेली सर्वात मौल्यवान वस्तू पैसा नसून जागा आहे, हे त्या शहराने ओळखले.

चेन्नई महापालिकेने २०१३ मध्ये अम्मा उपाहारगृहे सुरू केली. एक रुपयाला इडली मिळणारी ही उपाहारगृहे महिला बचत गटांनी चालवली. येथेही यशाचे मर्म असे की केंद्रे प्रत्येक विभागात होती आणि न्याहारीपासून रात्रीपर्यंतच्या जेवणाचा विचार त्यांत केला गेला होता.

करता येण्यासारखे

मुंबईला परदेशी नमुना उचलण्याची गरज नाही. किंबहुना येथे जे होते तेच नव्या रूपात उभे करता येईल. चाळींचा पुनर्विकास वेगाने सुरू आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मोठे झाले, शीतकपाटाला जागा झाली, ही मोठीच गोष्ट. पण चाळीच्या दारात येणारी भाजीवाली आणि कोळीण मनोऱ्याच्या फाटकावर अडवली जाणार असेल, तर एक अडचण जाऊन दुसरी येईल. प्रत्येक पुनर्विकास आराखड्यात तळमजल्यावर भाजी, मासळी आणि खाणावळीसाठी ओटे व गाळे राखून ठेवणे बंधनकारक असावे आणि ते पूर्वीच्याच विक्रेत्यांना अल्प भाड्याने मिळावेत.

पथविक्रेत्यांसाठीचा २०१४चा कायदा पिढ्यान्पिढ्या भरत आलेल्या बाजारांना नैसर्गिक बाजार म्हणून मान्यता देतो. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण आणि शहर विक्रेता समित्या यांची तरतूद त्यात आहे. दादर, लालबाग, ग्रँट रोड येथील भाजीबाजारांना या तरतुदींखाली संरक्षण देताना नाशवंत आणि पोषक माल विकणाऱ्यांना प्राधान्य द्यावे. मोबाइलची आवरणे विकणाऱ्याचा पोटापाण्याचा हक्क मान्य करूनही, पालेभाजी विकणारीची जागा वस्तीच्या आरोग्याशी बांधलेली आहे, हा भेद धोरणात उतरला पाहिजे.

खाणावळीला उद्योग म्हणून मान्यता हवी. घरात वीस माणसांचे जेवण करणाऱ्या बाईला परवाना, स्वच्छतेचे प्रशिक्षण आणि गॅसजोडणी यांसाठी निरनिराळ्या खिडक्यांवर हेलपाटे घालावे लागू नयेत. सरकारी थाळीचे काम देताना मोठ्या कंत्राटदाराऐवजी वस्तीतील स्त्रियांच्या गटांना पहिली संधी द्यावी आणि त्यांची बिले वेळेवर चुकती करावीत, कारण त्यांच्याकडे थकबाकी सोसण्याइतके भांडवल नसते. शिधावाटप दुकानांतून वर्षभर डाळ आणि कडधान्ये वाजवी दराने मिळाली, तरी ताटातील मोठी उणीव भरून निघेल. ग्राहक पंचायतीची गटखरेदीची पद्धत महिन्याऐवजी आठवड्याची आणि किराण्याऐवजी भाजीची केली, तर गणेशोत्सव मंडळे, व्यायामशाळा आणि महिला मंडळे यांचे गिरणगावातील दाट जाळे तिला आयते उपलब्ध आहे.

यांतील एकही उपाय प्रचंड खर्चाचा नाही. अडचण आहे ती दृष्टीची. पाणी, वीज, रस्ते आणि मलनिस्सारण यांचा विचार केल्याशिवाय शहरात इमारतीला परवानगी मिळत नाही, कारण त्यांच्याविना माणूस राहू शकत नाही हे आपण मान्य केले आहे. भाजीचा ओटा आणि खाणावळीची चूल यांनाही नगररचनेत तेच स्थान मिळायला हवे. लालबागच्या विक्रेत्यांना १९३२ नंतर जागेसाठी देवाला साकडे घालावे लागले होते. आजच्या विक्रेत्याला तीच जागा कायद्याने आणि आराखड्याने मिळावी, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.